जावयासाठी देव पाण्यात

२४ मार्च
जावई निवडणुकीला उभा राहिला! कुठे, तर कॅनडात. खासदारकीला! वेदश्रीनं, माझ्या लेकीनं, फोनवर असं सांगितलं की जसं काही आज भाजी काय केली ते सांगतेय. यांनी स्पीकर लावला होता. लगेच खुर्चीतून उठून उभे. वकिली सोडून इतकी वर्षं झाली तरी कोर्टात उठतात तसेच उठतात. "आमचा सियामक? पार्लमेंटात?"

मी विचारलं, कशाला?

यांनी तोवर चपला घातल्यासुद्धा.

२५ मार्च
यांनी धारवाडच्या अख्ख्या सुभाष रोडला सांगून टाकलं. पेढेवाल्यालासुद्धा. लग्नाच्या वेळी हेच गृहस्थ ताटावरून उठून गेले होते — "इराणी? आपल्या घरात इराणी?" आता म्हणे 'आमचा सियामक'!

मला तो तेव्हाही आवडला होता. लहानपणीच आईचं बोट धरून इराणमधून निघाला. आमच्याकडे आला तेव्हा मांडी घालून जेवला, भाकरी मागून घेतली. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी आपला हसतोय. साधा माणूस. त्याला हे कुठून सुचलं?

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. वेदश्रीचा व्हिडिओ कॉल. तिच्या पाठीमागे खिडकीला पुठ्ठा लावलेला. "काय झालं गं?" "काही नाही आई, कोणीतरी दगड मारला." दगड! आणि त्याच खिडकीखाली आमची नात नेत्रा चित्रं काढत बसलेली. चार वर्षांचं पोर!

खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. सियामकला रोज घाणेरडे मेसेज येतात. एक म्हणतो, तू इराणचा हस्तक. दुसरा म्हणतो, तू इराणशी गद्दारी केलीस. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर — यानं तोंड बंद ठेवावं.

मला हे अर्धं ओळखीचं वाटलं. आम्ही धारवाडात तीन पिढ्या. तरी नवी भाजीवाली विचारतेच, "नीव मराठी मंदी एनरी?" — तुम्ही मराठी लोक का हो? आणि सांगलीला गेलं की नणंदा म्हणतात, आल्या कानडी वहिनी! पण आमच्या खिडकीवर दगड नाही कोणी मारला.

श्रीखंडाची वाटी तशीच झाकून ठेवली.

३१ मार्च
करून टाकलं! हे फिरायला गेल्यावर तांब्याचं घंगाळ घासलं, पाणी भरलं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक — सगळे देव पाण्यात. इच्छा पुरी होईपर्यंत बाहेर काढणार नाही म्हणून सांगितलं त्यांना.

काय मागितलं ते फक्त इथं लिहिते. सियामक पडू दे.

२ एप्रिल
हे देवघरात गेले आणि बघतच राहिले. "देव पाण्यात घातलेस? सियामकसाठी?" हो म्हटलं. त्यात खोटं काय होतं? यांचे डोळे भरून आले, बाई! मला तोंड कुठं लपवू असं झालं.

५ एप्रिल
शेजारच्या लक्ष्मीअक्का रोज परसातली फुलं आणून घंगाळात सोडतात. "अळिया गेल्तान, बिडरी!" — जावई जिंकणार, काळजी सोडा म्हणे. माझ्या मागण्यावर त्यांच्या मागण्याची फुलं! देवांनी तरी ऐकायचं कोणाचं?

१२ एप्रिल
मेले मी! यांनी वेदश्रीला सांगितलं, तिनं सियामकला, आणि त्यानं भर सभेत! वेदश्रीनं व्हिडिओ पाठवलाय. माइक धरून सांगतोय — माझ्या सासूबाईंनी तिकडे भारतात माझ्यासाठी देव पाण्यात ठेवलेत. लोक टाळ्या वाजवतायत. यांनी तो व्हिडिओ दुर्गदबैलच्या बाजारातल्या चुलतभावाच्या दुकानापर्यंत पोचवला.

लाज वाटली. देव काढून टाकावेत म्हणून देवघरात गेले. घंगाळापाशी बसले. हात पाण्यात घातला आणि तो पुठ्ठा लावलेली खिडकी आठवली. तशीच उठून आले.

१८ एप्रिल
डोळ्याला डोळा नाही. भाजी परत करपली. हे म्हणतात, "अगं, एवढं टेन्शन घेऊ नकोस, हवा आपलीच आहे." तेच तर!

२२ एप्रिल
मेहरीबाईंचा फोन. सियामकच्या आई. एरवी आमचं बोलणं सणावारापुरतं. माझं इंग्रजी मोडकं, त्यांचंही तसलंच, पण आज सगळं समजलं. त्यांनी विचारलं, तुम्ही देवाकडे काय मागितलंत? मी नेत्राचं विचारायला लागले. मग त्याच हळूच म्हणाल्या, "मी रोज नमाजात मागते — हरू दे."

त्यांचा भाऊ तिकडे इराणमध्ये असाच एका सभेला गेला होता. परत आला नाही. म्हणून लेकराला घेऊन देश सोडला, आणि लेकरू मोठं होऊन पुन्हा सभेतच उभं!

मी म्हटलं, मीसुद्धा. मग दोघी रडलो. विहिणी कसल्या, दोघी चोरट्या!

२९ एप्रिल
पडला. थोडक्यात पडला.

हे सकाळपासून फोन धरून बसले होते. चष्मा काढला, आत गेले, पडून राहिले. मी देव बाहेर काढले, दुधानं न्हाऊ घातले, पुसून जागेवर बसवले. किती हलकं वाटलं! खरंच वाटलं, कशाला खोटं लिहू?

दुपारी सियामकचा फोन. मुद्दाम माझ्याशी बोलायला. वेदश्रीनं शिकवलेल्या मराठीत म्हणाला, "आई, देवांवर रागावू नका हं. त्यांनी प्रयत्न केला." त्याचं ते 'हं' मला सहन होईना. फोन यांच्या हातात दिला आणि मोरीत नळ सोडून रडले.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
वेदश्रीचा फोन. पुढच्या वर्षी त्यांच्या शहराची निवडणूक आहे. ती स्वतः उभी राहणार. सियामक म्हणाला म्हणे, आता तुझी पाळी. "आई, माझ्यासाठी पण देव पाण्यात घालशील ना गं?" इतका आनंदी तिचा आवाज कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

घालते म्हटलं. घंगाळ भरलं. देव आत ठेवले, हात जोडले. काय मागायचं, ते अजून सांगितलं नाही त्यांना.