धार येथेच लावली

ता. ३ मार्च, सोमवार

प्रिय धाकटीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तुझ्या वहिनीचा गुडघा सोडून. जिना चढताना कुरकुर ऐकू येते. ती म्हणते गुडघा करतो, मी म्हणतो तीच करते.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, लहानपणापासूनची खोड आहे तुझी, म्हणून लिहूनच कळवतोय.

तर वीस तारखेला आमच्या कात्रीच्या कारखान्याला बक्षीस द्यायला तूच येणार. ‘जागतिक स्पर्धेत आघाडी घेतलेला उद्योग’. वा! अभिनंदन. कुणाचं ते मला ठाऊक नाही, पण अभिनंदन.

इथली तयारी तर ऐकच. वीस वर्षांच्या तेलकट जमिनीवर हिरवा रंग फासलाय. तो वाळलेला नाही, चपला चिकटतात. धाकटे मालक नाकाला रुमाल लावून फिरतात आणि माणसांना हसायला शिकवतात. काल पॅकिंगच्या बायकांना म्हणाले, “हसा, पण दात जरा कमी दाखवा.” कुंड्या भाड्याने आणल्यात. आणि धार लावायचे दगड चक्क साबणाने धुतले! दगड कुणी धुतं का गं? त्या दिवशी ते नुसते गरगर फिरवायचे आहेत, पाहुण्यांना दिसावेत म्हणून. शिसारी येते मला या सगळ्याची.

पण तू सरकारतर्फे त्या परदेशाशी केलेल्या व्यापार कराराला मी नावं ठेवत नाही, हे आधीच सांगतो. तो झाला तेव्हा ठेवली होती. तू म्हणाली होतीस, “दादा, त्यांचा माल आपल्याकडे येईल, पण आपलाही त्यांच्याकडे जकातीशिवाय जाईल. चांगला असेल तर टिकेल.” मी तुला येडपट म्हणालो होतो. पहिली दोन वर्षं तू खरी ठरलीस. बाहेरचं चांगलं पोलाद स्वस्तात यायला लागलं, नवं यंत्र आलं, साठ माणसं नवी घेतली. परदेशातले शिंपी आमची कात्री नाव घेऊन मागायला लागले. त्यांच्या कात्रीशी टक्कर द्यायची म्हणून आम्ही आमच्या चुका शोधल्या, ज्या तीस वर्षांत कुणी शोधल्या नव्हत्या. मी चुकलो होतो. तोंडावर कधी बोललो नाही, आता लिहून देतो.

बाकी काय! तुला सर्दीचा त्रास आहे, एवढा प्रवास झेपेल का? दुसऱ्या कुणाला पाठव ना.

तुझा
दादा


ता. ९ मार्च, रविवार

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद. तुला सर्दी बिलकुल नाही, हे कळलं. ओरडू नकोस.

भाषणासाठी तुला आकडा हवाय, की आज धार विभागात किती माणसं काम करतात. घे आकडा. एक. तो एक म्हणजे मी.

आता खाली बस आणि वाच. दीड वर्ष झालं, इथे कात्र्या बनतच नाहीत. ज्या देशाशी आपला काही करार नाही, तिथून त्या तयार होऊन खोक्यांतून येतात. इथे त्यांचा मधला स्क्रू काढतात, आपला बसवतात आणि पात्यावर आपल्या देशाचा शिक्का मारतात. झाली आपली कात्री! मग तीच तुझ्या करारातल्या देशात बिनजकातीची जाते. मधला सगळा फरक मालकांच्या घशात. कात्र्या तरी कसल्या, कापड कापत नाहीत, चावतात.

धारवाल्या एकेचाळीस जणांना एका दुपारी घरी घालवलं. त्यांत आमचे मास्तर होते. तू त्यांना पाहिलंयस, ज्यांनी मला अठराव्या वर्षी दगडापुढे उभं केलं आणि बोटं शाबूत कशी ठेवायची ते शिकवलं, ते. त्या दिवशी त्यांनी फक्त आपला एप्रन घडी करून ठेवला. धाकटे मालक चहाचा कप हातात धरून म्हणाले, “मास्तर, जग आता असंच चालतं.” त्या माणसाचा घोट घेतानाचा आवाज आठवला तरी माझ्या अंगावर काटा येतो.

आता मुद्द्याचं. मास्तरांनी रडगाणं गायलं नाही. बस थांब्यामागे दोन खोल्या घेतल्या, सुटलेल्यांतले अकरा जण बरोबर घेतले, आणि आज त्यांच्या खऱ्याखुऱ्या कात्र्या तुझ्याच करारावर बाहेर जातात. कुणाच्या मेहेरबानीवर नाही, धारेच्या जोरावर. तू भाषणात जे सांगणार आहेस ते त्या दोन खोल्यांत चाललंय. पण आमचं बिंग तिकडच्या लोकांनी फोडलं, तर ते आमची आणि मास्तरांची कात्री वेगळी करत बसणार नाहीत. इथून येणाऱ्या सगळ्याच कात्र्यांना दार बंद करतील. आणि त्याआधी बक्षीस देतानाचा तुझा फोटो छापून आलेला असेल.

म्हणून म्हणतो, येऊ नकोस.

तुझा
दादा


ता. १४ मार्च, शुक्रवार

धाकटे,

तुझे सहा फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. वहिनीला उचलू दिले नाहीत. शेवटी शेजाऱ्यांच्या फोनवर तू तिच्यासाठी निरोप ठेवलास, एकच प्रश्न: “माल इथला आहे असा दाखला प्रत्येक खेपेबरोबर जातो. त्यावर धार विभागाच्या प्रमुखाची सही लागते. ती कोण करतं, दादाला विचार.”

वहिनीने विचारलं नाही. निरोप लिहिलेला कागद तेवढा माझ्यापुढे ठेवला. तिला ठाऊक होतं, वाटतं.

मी करतो. एकशे सदतीस दाखले. प्रत्येकावर छापलेलं असतं, “पात्यांना धार येथेच लावली व जोडणी येथेच केली”, आणि खाली माझी सही.

गेल्या पत्रात मी ‘काढतात’, ‘बसवतात’, ‘मारतात’ असं लिहिलं. जणू मी खिडकीतून बघणारा कुणी शेजारी. ते पत्र टाकून आलो आणि मला स्वतःची किळस आली.

पहिल्या वेळी मालक म्हणाले, माणसं तर जाणारच आहेत, सही केलीस तर तू राहशील. मी घाबरून केली असं तुला सांगता आलं असतं. पण खरं सांगू? त्यांनी मला काचेची केबिन दिली. फिरती खुर्ची दिली. ती मला आवडली. मास्तर एप्रन घडी करत होते तेव्हा मी आत बसून ती खुर्ची वरखाली करून बघत होतो.

आणखी ऐक. बक्षिसासाठी परीक्षकांनी शंभर कात्र्या मागवल्या. खोक्यातल्या तशाच गेल्या असत्या, तर पहिल्याच कापडाला पितळ उघडं पडलं असतं आणि सगळं तिथेच संपलं असतं. पण मला ते बघवेना. असली भिकार कात्री आमच्या नावाने कुणी हातात घ्यावी? मालकांनी सांगितलंही नव्हतं. तीन रविवार मी एकटा बसलो, शंभरच्या शंभर उघडल्या, धार लावली, पात्यांचा बाक नीट केला. एक परीक्षक म्हणे बोलला, ही धार यंत्राची नाही. ते ऐकून मी दोन दिवस ताठ मानेने हिंडलो. एवढा मी मूर्ख! चोराच्या मालाला मीच झिलई दिली, म्हणून तुझ्या हातून बक्षीस मिळतंय.

सगळ्यात वाईट अजून सांगायचंय. करार लिहीत होतीस तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात बसून तू विचारलं होतंस, “दादा, लोखंडाची कात्री नेमकी कधी होते रे?” मी म्हणालो होतो, धार लागते आणि दोन पाती एकमेकींशी जुळतात तेव्हा, त्याआधी ते नुसतं लोखंड. तू ते विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतलंस. पुढे तेच कलम झालं. दोन देशांनी माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवला. आणि ते वाक्य खोटं करायला अख्ख्या जगात माणूस मिळाला तो मीच.

परवा मी जकातीच्या तपासणी कार्यालयाला आणि करारातल्या देशाच्या वकिलातीला रजिस्टर पत्र टाकलं. एकशे सदतीस दाखल्यांच्या प्रती जोडल्यात. पहिलं नाव माझं घातलंय, मग मालकांचं. मास्तरांचा पत्ता दिलाय, आणि लिहिलंय की तिथे न कळवता जा, दगडाला हात लावून बघा, गरम लागेल. तुला यातलं काही ठाऊक नव्हतं, हेही लिहिलंय. दीड वर्ष तुझ्या घरी येऊन, तुझ्या पानावर जेवून मी गप्प राहिलो, तेव्हा तेवढं तरी खरं आहे.

काल मास्तरांकडे गेलो. ‘बस’ म्हणाले नाहीत. सगळं ऐकून घेतलं.

“पत्र टाकलंस?”

“कालच.”

“मग इथे कशाला आलास?”

मी दगडाकडे एक पाऊल सरकलो.

“दगड चालू आहे, ठिणग्या उडतात. बाजूला हो,” म्हणाले, आणि कामाला लागले.

वीस तारखेचं आता तू ठरव. तुझ्या नोकरीला याची झळ लागेल, मला कळतं. आधी बहिणीला विचारावं, मग काय ते करावं, असं वहिनी म्हणाली. तुलाही तसंच वाटेल, की निदान मला एका शब्दाने विचारायचं तरी होतं.

नाही विचारलं. विचारलं असतं तर तू मला वाचवलं असतंस. आणि मी आनंदाने वाचलो असतो.

अजून म्हणणार असशील तर,
तुझा दादा