नैवेद्याचं मीठ

२० जुलै, रविवार

आज सकाळी पहिल्या एसटीनं भडगावहून जळगावला गेलो. दीपकचं व्याख्यान — विषय 'आस्वाद'. प्राध्यापकाचा थोरला भाऊ म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. मूळ धातू 'स्वद्', म्हणजे गोड लागणं, आवडणं. त्याआधी 'आ' लावला की पुरेपूर चव घेणं. मला तर 'आ' म्हटलं की उघडं तोंडच दिसतं! चव जिभेत नसते म्हणे, थांबण्यात असते. टाळ्या! नंतर साहेबांनी उभ्यानंच दोन समोसे कोंबले. भुसावळला पुढचं व्याख्यान होतं ना.

२३ जुलै

आमच्याकडे कानबाईचा नैवेद्य कुणी चाखत नाही. देवीच्या आधी जीभ लावणं पाप. माय वाफेच्या वासावरून मीठ ओळखायची. कधी चुकली नाही.

आज वरणात मीठच नव्हतं. गुपचूप जेवलो.

२७ जुलै, रविवार

दीपक बायकोला, कामिनीला, घेऊन आला. मायनं गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी केली. पठ्ठ्यानं एका घासानंतर ताट सरकवलं. थांबण्यात असते ना चव? मग थांबायचं होतंस!

ओट्यावर मला म्हणाला, मायला आता चव कळत नाही, वासही येत नाही. कानबाईच्या रोटांच्या जेवणाला सगळे भाऊबंद जमतील, हसतील. यंदा नैवेद्य कामिनी करेल. तिच्याकडे मीठ मोजायचे चमचे आहेत. चमचे!

माय दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"मंग मी काय करू रे?"

धातू-उपसर्ग पाठ असणारा चपला शोधू लागला. मीही.

२९ जुलै, नागपंचमी

मायला सांगितलं, नैवेद्य तूच करायचा. दीपकला फोनवर तेच सांगितलं. "मग जबाबदारी तुझी, भाऊ," म्हणाला. जबाबदारी वाटून द्यायला बरा हुशार!

१ ऑगस्ट

पूजेत मन लागत नाही. देवीकडे काय मागू — मीठ?

३ ऑगस्ट, रविवार

रोट झाले. भाऊबंद बोटं चाटत उठले. दीपकनं भाजी दोनदा मागून घेतली. "माय, तुझ्या हाताची चव अजून तीच शे." माय लाजली.

त्याआधी, दुपारी ती लुगडं बदलायला आत गेली, तेव्हा मी चुलीजवळ गेलो. भाजी तळहातावर घेतली आणि चाखली. देवीच्या आधी. अळणी होती. मीठ टाकलं, ढवळलं. पुन्हा चाखली — थांबून.