पहिल्या बाकावर बसून

५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुमच्या फादरांचा फोन आला होता. रविवारच्या उपासनेत, मिस्सामध्ये, पवित्र भाकर घ्यायला सगळे उठले, की माझी मोठी बहीण पहिल्या बाकावर मुद्दाम बसून राहते म्हणे. ताई, भाचीने नवऱ्याला सोडून कोर्टात दुसरं लग्न केलं, म्हणून तिला भाकर मिळत नाही, हे मलाही लागतं. पण चर्चच्या लेखी पहिलं लग्न अजून उभं आहे, त्याला मी काय करू? तिच्यापायी तू का उपाशी राहतेस?

लोभ आहेच, तो या पत्रामुळे आटू देऊ नये.

तुझा धाकटा

१२ जून

चि. धाकट्यास (चर्चमध्ये फादर, पत्रात धाकटाच),
अ. उ. आ.

तुला फोन झाला तर! माझ्यासमोर त्यांची जीभ रेटत नाही. त्यांचे झगे मीच शिवते ना, कमरेत यंदा किती वाढवले ते मला ठाऊक आहे.

ज्या नवऱ्याने माझ्या लेकीचा हात मोडला, तो दर रविवारी रांगेत उभा राहून भाकर घेतो. पापाची कबुली दिली असेल, देवाने माफही केलं असेल, तो त्यांचा व्यवहार. आणि लेक बाकावर एकटी? मग तिच्या शेजारी मी बसणारच. नुसतं बसणं कुठल्या कायद्यात पाप आहे, ते तुझ्या जाड पुस्तकांत शोधून कळव.

देवाशी माझं भांडण नाही, हे मात्र नीट वाच. सगळे भाकर घेऊन परततात तेव्हा रडू येतं. तरी उठणार नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे, म्हणूनच एवढं तोडून लिहिलं.

तुझी ताई

१८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुस्तकं चाळली. बसणं पाप नाही, हरलो. पण तू शेजारी बसलेलं तिला हवं आहे का, हे विचारलंस? आमच्याकडे ज्यांना भाकर घेता येत नाही, ते हात छातीशी आडवे धरून रांगेत येतात आणि मी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. तिने तसं जावं. मागोमाग तू जा, आणि भाकर घे.

रागावलीस तरी लोभ कमी करू नये.

तुझा धाकटा

२६ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

विचारलं. लेक उसळलीच. म्हणाली, आई, तू बसतेस म्हणून लोक आणखी बघतात; मी प्रार्थनेला येते, तुझ्या लढाईला नाही. मला ते फार लागलं.

रविवारी ती स्वतःच उठली. हात छातीशी, मान ताठ. तिच्या पुढे नेमका तोच. त्याला भाकर मिळाली. हिच्यासमोर फादर थबकले, बाजूला हो म्हणाले. ती हलली नाही. मागची सगळी रांग खोळंबली, ऑर्गनवाली तेच कडवं पुन्हा वाजवू लागली. अखेर त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला, आणि तिने शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं आमेन म्हटलं.

मग मी. फादरांनी भाकर माझ्या तोंडाशी धरली. धाकट्या, इतक्या जवळून पाहून माझे डोळे भरून आले. मी दोन्ही हात छातीशी आडवे केले आणि म्हटलं, लेकीला दिलंत तेवढंच द्या.

आता लोभ करायचा असेल, तर दोघींवर सारखा करावा.

तुझी ताई