लिपुंबूच्या खडकावरची तीन पानं

लिहून ठेवणार: अस्सुमाने कालेंगा, वय एकाहत्तरच्या आसपास, राहणार मसोमा, लुजेंडा नदीचा काठ, धंदा रानातला मध काढणे, मसोमा वन्यजीव समितीचा सतरा वर्षं अध्यक्ष.

माझी शुद्ध शाबूत आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. गुडघे कामातून गेलेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं कालिश्तो मास्तर म्हणतात. मी सांगतोय आणि मास्तर लिहितायत. मी बोलेन तसंच लिहा, शाळेतलं करू नका, असं त्यांना बजावलंय. यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. करायला हवं होतं, अकरा वर्षांपूर्वीच.

१. घर. घर माझं नाही, कधीच नव्हतं. आमच्याकडे नवरा बायकोच्या गावी नांदायला येतो. घर, कसाव्याचं शेत, कोंबड्या, सगळं माझी बायको अतिजा हिचं आहे आणि राहील. पंचेचाळीस वर्षांत मी ते छप्पर सहा वेळा शाकारलं, तेवढाच माझा हक्क. सातव्यांदा शाकारायचं राहिलंय, ते माझ्या भाच्यानं करावं.

२. भाचा. माझा वारस माझ्या बहिणीचा मुलगा सुमाइला. सायकल, रेडिओ आणि मासेमारीचं जाळं त्याचं. सायकलीचा पंप मात्र त्याला मिळणार नाही, कारण तो शेजारच्या बकारनं चार वर्षांपूर्वी ‘आत्ता आणून देतो’ म्हणून नेलाय. बकार, हे तुझ्या कानांवर पडत असेल तर ऊठ आणि घेऊन ये.

३. मधपेट्या. हत्ती शेतात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेवर टांगलेल्या माझ्या नऊ पेट्या गावातल्या बायकांच्या गटाला द्याव्यात. त्यांनी मागितल्या होत्या तेव्हा मी भर सभेत म्हणालो होतो, की बायकांना माश्या चावतील. माश्या मलाही चावतात. उगाच अडवून धरलं. याहून मोठं पाप सांगायचंय, म्हणून हे आधी सांगून तोंड मोकळं करून घेतोय.

४. कोठार. समितीनं मधाचं नवं कोठार बांधलंय आणि दारावर माझं नाव रंगवायचं ठरवलंय. रंग आणलासुद्धा. ते नाव रंगवू नये. का, ते पुढच्या कलमात आहे. मास्तर, इथे जरा थांबा, मला पाणी पिऊ द्या.

५. कुऱ्हाड. आमच्या छपराच्या आढ्याला केळीच्या सोपटात गुंडाळलेली एक कुऱ्हाड आहे. ती माझी नाही. ती यासिनेची, अतिजाच्या थोरल्या भावाची. मला मध काढायला त्यानं शिकवलं. पोळ्याची वाट दाखवणाऱ्या सेगो पक्ष्याला कशी साद घालायची, तो पुढे उडत झाडाझाडावरून बोलावतो तेव्हा त्याच्यामागे कसं चालायचं, धुराची मोळी काठीला बांधून पोळ्याशी कशी धरायची, सगळं त्याचं. मध काढून झाला की मेण पक्ष्यासाठी ठेवायचं, हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण यासिनेची ठेवण वेगळी. खाली दोन हिरवी पानं, टोकं झाडाकडे, वर मेण, त्यावर तिसरं पान अर्धं दुमडून, मुंग्या लागू नयेत म्हणून. बाकीचे मेण नुसतं पानावर टाकतात. मी त्याची चारचौघांत टर उडवायचो. पक्ष्याला चटई अंथरतोस की काय, उशी पण दे म्हणायचो. आणि एकटा असलो की मीही तशीच तीन पानं ठेवायचो, कारण त्यानं पक्षी लवकर परत येतो असा माझा अनुभव. हे कोणालाच माहीत नव्हतं. यासिनेला सोडून.

अकरा वर्षांपूर्वी सप्टेंबरात लिपुंबू टेकडीच्या कपारीत रानकुत्री व्याली. आमच्या रानात ती किती वर्षांनी आली होती. सभेत सगळ्या गावानं हात वर करून ठरवलं, की पाऊस पडेपर्यंत टेकडीवर कोणी पाऊल ठेवायचं नाही. ठराव मीच मांडला होता. दुसरा नियमही माझाच, की मध काढला की झाडाच्या पोकळीत हात घालून पाहायचं, निखारा राहिला नाही ना. सरकारी माणसं येऊन आम्हाला शिकवतील त्यापेक्षा आपणच आपले नियम करू, असं मी छाती काढून सांगितलं होतं.

आठ दिवसांनी मी एकटा रानात होतो. सेगो बोलावत बोलावत सरळ लिपुंबूकडे निघाला. मी थांबलो नाही. पक्ष्यानं नेलं असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिलो. पक्ष्याला ठराव माहीत नव्हता, मला माहीत होता. मध भरपूर मिळाला. कोणी पाहायच्या आत निघायचं म्हणून भुईवरची आग मातीनं विझवली, खडकावर मेण ठेवलं आणि चालू लागलो. पोकळीत हात घातला नाही.

तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि टेकडी पेटली. सात पिल्लं कपारीत गुदमरून मेली. त्यांची आई दोन दिवस नदीकाठी ओरडत फिरत होती, ते सगळ्या गावानं ऐकलंय. मीही ऐकलंय.

समितीची माणसं आग कुठून लागली ते शोधत गेली, मीही त्यांच्यात. झाड जळून कोळसा झालेलं. पण वाऱ्याच्या उलट बाजूला, उघड्या खडकावर, मेण पक्ष्यानं खाल्लेलं आणि तीन सुकलेली पानं, टोकं झाडाकडे, एक अर्धं दुमडलेलं. एकानं म्हटलं, ही तर यासिनेची ठेवण. मी तिथे उभा होतो.

सभा माझ्याच अध्यक्षतेखाली झाली. यासिनेला विचारलं, तेव्हा तो माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, “पानं माझ्या पद्धतीची आहेत.” कोणी म्हणालं कबूल केलं, कोणी म्हणालं मुजोर आहे. निकाल मी वाचला. यासिनेनं आणि त्याच्या वारसांनी मसोमाच्या रानात मध काढायचा नाही. त्यानं कुऱ्हाड माझ्या पायाशी ठेवली आणि महिन्याभरात सरहद्दीपलीकडे, टांझानियात निघून गेला.

यासिनेचे वारस म्हणजे कोण? आमच्यात वारसा मामाकडून भाच्याला जातो. त्याचा एकच भाचा, अतिजाचा आणि माझा मुलगा मोमादे. म्हणजे निकाल मी माझ्याच पोरावर वाचला. त्याच्याइतकी गोड साद घालणारा अजून या रानात झाला नाही. दोन वर्षं तो गावात रिकामा बसला, मग दक्षिणेला माणिकाच्या खाणीत गेला. नऊ वर्षं झाली, घरी आलेला नाही. अतिजानं या सगळ्यात मला एक शब्द विचारला नाही. तो न विचारलेला शब्द मी रोज भाकरीसारखा गिळतोय.

आग लागली त्याला चार वर्षं झाल्यावर मी यासिनेकडे गेलो होतो. दुसऱ्याच्या काजूच्या बागेत राखण करत होता. मला सुकी मासळी खाऊ घातली, सेगो अजून त्या खडकावर येतो का विचारलं. निरोप घेताना म्हणाला, “पानांचं ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही बोलाल म्हणून मी गप्प राहिलो, दाजी.” त्यावर मी काय म्हणालो ते मास्तर, जसंच्या तसं लिहा. मी म्हणालो, “उशीर होतोय, निघतो.”

परवाच्या रमजानाला त्याला जाऊन दोन वर्षं झाली. मला माझी लाज वाटते. या वाक्याला कायद्याची भाषा नाही.

म्हणून: ती कुऱ्हाड मोमादेला द्यावी. माझ्याकडून म्हणून नव्हे, त्याच्या मामाची म्हणून. त्याला शोधायला सुमाइलानं जावं, आणि बाप मेला एवढंच न सांगता, बाप खोटा होता हे आधी सांगावं.

६. दप्तर. समितीच्या वहीत त्या सभेच्या पानावर यासिनेचं नाव खोडून माझं लिहावं. बंदी उठवावी. बंदी बसवायचीच तर माझ्यावर बसवावी. रानकुत्री गेल्या वर्षापासून परत दिसायला लागलीत. त्या कपारीची राखण मोमादेकडे द्यावी, तो मागेल तर. कोठारावर कोणाचं नाव घालायचं ते अतिजाला विचारावं.

७. वाचन. हे मृत्युपत्र ~~माझ्या मृत्यूनंतर, दफन होण्याआधी~~ गावाच्या सभेत मोठ्यानं वाचावं.

वरची खाडाखोड माझ्या संमतीनं झालेली आहे. कारण असं: साक्षीसाठी अतिजाला बोलावलं आणि मास्तरांनी तिला सगळं वाचून दाखवलं. ती मका निवडत होती, हात थांबले नाहीत. संपल्यावर म्हणाली, “हे मला अकरा वर्षांपासून माहीत आहे. पानं कशी ठेवता ते मी पाहिलं नसेल का? मी भावासारखीच वाट पाहत होते.” मग म्हणाली, “मेल्यावर बोलणार होय? मेलेल्याला काय लाज?”

मी म्हणालो, शुक्रवारी नमाजानंतर सगळे आंब्याखाली जमतात, तेव्हा मास्तर वाचतील. ती म्हणाली, मास्तर नाही. तुम्ही.

तेव्हा कलम सातमध्ये दुरुस्ती: हे मृत्युपत्र येत्या शुक्रवारी, नमाजानंतर, आंब्याखाली, मी स्वतः, जिवंत असताना सांगेन. मला वाचता येत नाही. पाठ आहे.

लिहून ठेवणार: अस्सुमाने कालेंगा (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार १: कालिश्तो मुएम्बा, शिक्षक, मसोमा शाळा. लिहिणारा मीच. (सही)

साक्षीदार २: अतिजा बिंती सालिमु. अंगठा घेतलेला नाही. शुक्रवारी, ऐकून झाल्यावर उमटवीन म्हणतात. जागा मोकळी सोडली आहे.

मसोमा, बुधवार, १४ जून २०२३