उजवा कौल

आबा, गेल्या महिन्यात मी पुन्हा एकदा तुमची बदनामी करून आले. भोरला काही तरुण मुलामुलींनी सभा घेतली होती, उरल्यासुरल्या देवराया वाचवायच्या म्हणून. हिर्डोशीकडचं कुणी जुनं माणूस बोलायला हवं होतं, तर मला नेलं. हातात माईक दिला आणि मी सांगून टाकलं, की आमच्या देवीची राई ठेकेदारानं तोडली खरी, पण त्याच्या हातात ती माझ्या बापानं दिली. बाप पुजारी होता, कौल त्यानंच लावला आणि देवीनं होकार दिला असं त्यानंच सांगितलं. मुलं हळहळली, एकीनं वहीत लिहून घेतलं. इतकी वर्षं मी हेच सांगत आले आहे, नवऱ्याला, सासूला, मुलांना, आणि दर वेळी तितक्याच संतापानं. तुमच्यावरचा माझा राग काही शिळा होत नाही.

ती राई मला तुम्हीच दाखवली होती, म्हणून तर जास्त राग येतो. मी नऊ-दहा वर्षांची असेन. उन्हाळ्यात तुम्ही मला थेट आत, मोठ्या बेहड्यापाशी नेता आणि माझ्या तोंडावर हात ठेवून वर बघायला लावता. खोडात एक ढोली आहे, तिचं तोंड चिखलानं लिंपून टाकलेलं, मध्ये बोटभर फट आणि त्या फटीत एक चोच. "धनेशाची मादी हाय," तुम्ही कुजबुजता. "सोताला कोंडून घेतलीया. पिल्लं मोठी हुईस्तवर भाईर येत न्हाई." मग ती खाते काय, मी विचारते. "त्यो बघ, त्यो आनतो." आणि खरंच नर येतो, फांदीवर बसून घशातून एकेक फळ काढतो आणि फटीतून तिला भरवतो. तुम्ही हसून म्हणता, "तुझी आय बाळंतीन व्हती तवा म्या बी असाच भाकरी घिऊन हुबा ऱ्हायचो." त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नसे. न्यायची तर देवीला विचारावं लागे. दोन ओल्या पाकळ्या घ्यायच्या, एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या, आणि बघत बसायचं. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. शेकरं, धनेश, देवळामागचा झरा, सगळं त्या दोन पाकळ्यांच्या भरवशावर उभं होतं.

मी सतरा वर्षांची असताना तो ठेकेदार आला. तेव्हा भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत जिकडेतिकडे कोळशाच्या भट्ट्या धुमसत होत्या. आमच्या बाजूची मालकीची रानं तोडून झाली होती आणि आता त्याची नजर राईवर होती. देवीचं देऊळ पेंढ्यानं शाकारलेलं, पावसाळ्यात गळायचं. तो पारावर बसून म्हणाला, "देवीला कौलं मी देतो, तुम्ही मला एक कौल द्या." गावची मोठी माणसं खो खो हसली. तुम्हीही हसलात. ते हसणं मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. संध्याकाळी तुम्ही चुलीपुढे जेवायला बसलात तेव्हा मी तव्यावरची भाकरी उलटत म्हटलं, "आबा, डावा कौल द्या."

"म्या कोन देनार? देवी देती."

"पाकळ्या तुमीच लावता न्हवं? उजवी जरा दाबून लावा, म्हंजी ती गळायची न्हाई."

तुम्ही घास खाली ठेवलात. आवाज चढवला नाहीत, तेच वाईट होतं. "देवीच्या तोंडात आपला सबुद घालायचा? मंग ती राई तिची कशापायी म्हनायची? आपलीच म्हना आन तोडा."

"ढोलीत मादी बसलीया, आबा. ती मरंल."

"देवी बगंल," म्हणालात आणि अर्ध्या ताटावरून उठलात. देवी बगंल. या दोन शब्दांवर किती माणसं जन्मभर हात झाडत आली, त्याचा हिशेब कुणी ठेवावा?

कौल लावायच्या दिवशी सकाळी गाभारा झाडून देवीला अंघोळ घालून मी बाहेर खांबाशी उभी राहिले. गावची माणसं आली, ठेकेदार पुढे बसला. तुम्ही पाकळ्या लावल्यात, गाऱ्हाणं घातलंत. ते पुरतं संपलंही नव्हतं आणि उजवी पाकळी सर्रकन खाली आली. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "उजवा दिला." चार दिवसांत कुऱ्हाडी राईत शिरल्या. बेहडा पडला तेव्हा मी धावत गेले. ढोली फुटली होती आणि मादी पाल्यात धडपडत होती. आत बसल्यावर तिची पंखांची पिसं झडतात, त्यामुळं तिला उडता येईना. एका कामगारानं तिला पायांना धरून उचललं आणि कालवणाला नेलं. दुसऱ्या दिवशी नर चोचीत फळ घेऊन त्या जागेवर घिरट्या घालत होता. तुम्ही बघायलासुद्धा आला नाहीत. कौलं मात्र आली, निम्मी फुटकी. पुढे दोन उन्हाळ्यांत झरा आटला, बायका हंडे घेऊन पार नदीपर्यंत उतरू लागल्या आणि मग तेच हसणारे लोक तुमच्यावर उलटले. पुजाऱ्यानं राई खाल्ली, म्हणू लागले. तुमचं देवळात जाणं बंद केलं. एकदा तुम्ही दारात पाय धूत होता आणि मी म्हटलं, "लोकांचं काय चुकतंय? तुमीच दिली राई." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, "व्हय" म्हणालात आणि आत गेलात.

आता जे मी कुठल्याच सभेत सांगत नाही, ते. त्या सकाळी गाभाऱ्यात मी एकटी होते. दिव्यातलं तेल बोटावर घेतलं आणि देवीच्या डाव्या खांद्याला चोळलं. डावी पाकळी चटकन घसरावी, नकार यावा आणि राई वाचावी, एवढंच मनात होतं. पण तो माझ्या डाव्या हाताकडचा खांदा होता. देवी माझ्याकडे तोंड करून बसलेली, म्हणजे तो तिचा उजवा. लहानपणापासून रोज तिला अंघोळ घालत होते आणि घाईत एवढी साधी गोष्ट सुचली नाही. पाकळी घसरली तेव्हा कळलं.

आणि तुम्हाला तर त्याआधीच कळलं होतं, आबा. तुम्ही पाकळी टेकवलीत, थांबलात, अंगठ्यानं बोट चोळून पाहिलंत. मी खांबाआडून बघत होते. तुम्ही बोट धोतराला पुसलंत आणि पाकळी पुन्हा तिथंच लावलीत. कौल बिघडलाय, आज नको, एवढं म्हणायचं होतं. पण मग गाभारा कुणी झाडला हे गावानं विचारलं असतं, आणि देवीशी लबाडी करणाऱ्या पोरीला त्या गावात कुणी जगू दिलं नसतं. देवीच्या तोंडात सबुद घालायचा नाही म्हणणारे तुम्ही, त्या दिवशी घातलात तो माझ्यासाठी. कुणी सांगितलं होतं? राई गेली, झरा गेला, तुमचं नाव गेलं, आणि हे सगळं माझ्यावरून ओवाळून टाकताना मला एका शब्दानं विचारलं नाहीत. घरी आल्यावर ओरडला असतात, थोबाडीत मारली असती, तर मी निदान रडले तरी असते. तुम्ही "व्हय" म्हणालात आणि मला जन्मभर खोटं बोलायची मुभा देऊन गेलात. याचाच राग येतो, आबा, त्या ठेकेदारापेक्षाही जास्त.

त्या मुलांनी परवा पुन्हा बोलावलं आहे. काय सांगेन ते अजून ठरलेलं नाही. हा कागद कुठं पाठवायचा तर तुम्ही गेलात तिथला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवला नसता. कारण कौलाच्या दिवशी चारचौघांत तुम्ही मला विचारलं असतंत, तरी मी "म्या न्हाई" असंच म्हणाले असते.