दुसऱ्या कुणाची अन्नपूर्णा

१२ मे ८६, घाटकोपर
सकाळी गावाहून लग्न उरकून आलो, तर दाराची कडी उचकटलेली. आत पाय टाकवेना. चोर नुसता चोरून गेला नाही, राहून गेलाय. लोणच्याच्या बरणीत अख्खा हात घातला, तेलकट बोटं माझ्या पातळाला पुसली. आणि विडी विझवली कुठे, तर देव्हाऱ्यात. शी!
देव नाहीत. सासूबाईंचे चांदीचे टाक, बाळकृष्ण, माझी अन्नपूर्णा. ह्यांचं घड्याळ, ट्रान्झिस्टर पण गेला, त्याचं काही वाटत नाही. अन्नपूर्णा आईने लग्नात दिलेली, आईला तिच्या आईने. आई गेल्यावर तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं. आमच्या रंजूने रांगती असताना ओढून तिची पळी वाकवली होती. सोनाराकडे नेईन नेईन म्हणत तशीच राहिली.
लादी पुसून पुसून हात भरून आले. विडीचा वास जात नाही.

१३ मे
पंचनामा. हवालदार तंबाखू मळत म्हणतो, "देवच चोरीला गेले म्हणजे कमाल आहे. त्यांना स्वतःला सांभाळता आलं नाही?" आणि हसला. हे पण हसले. उगाच, त्याला बरं वाटावं म्हणून. किळस आली. दोघांची.

१५ मे
भेटायला माणसं. मयताला यावं तशी येतात, चहा पितात, कडी हलवून बघतात. समोरच्या नलूताई : "लॉकर नव्हता का घेतलास? मी तर कधीच घेतला." वर, "कुळाचाराचं काही राहिलं असेल गं, आठवून बघ." म्हणजे चोर सुटला, गुन्हेगार मी.
संध्याकाळी धाकटे दीर. मालाडला कोणी भगत आहे म्हणे, अंगठ्याच्या नखाला काजळ लावून चोराचं तोंड दाखवतो. "पण मला विचाराल तर लांब जायलाच नको," असं म्हणून मोरीकडे मान. मोरीत आमची कामवाली शांता भांडी घासत होती. सगळं ऐकत होती. घासायचा आवाज थांबला.
सासूबाई पलंगावरून उठल्या. "तिच्याकडे बोट दाखयलंस तर माझ्या घरात परत येव नको."
भाऊजी अर्धा कप टाकून गेले. तो कप शांताला धुवू दिला नाही. मीच धुतला.

१८ मे
सा.बाई रिकाम्या देव्हाऱ्याला फुलं वाहतात. दिवा लावतात. टाक त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचे, पण डोळ्यांतून टिपूस नाही. मी विचारलं, दिवा कोणाला?
"चांदी गेली गो. देव खंय जातलो?"
माझा तिळपापड. वर म्हणतात, देवाला दिलं समज, म्हणजे सुटलीस. कसं समजू? मी दिलेलं नाही. कोणी तरी लोणच्याच्या हाताने उचलून नेलंय. त्या हातात आईची अन्नपूर्णा… जेवण जात नाही.
दिवा मी लावणार नाही.

२९ मे
चौकीतून निरोप आला. टोळी सापडली. हे आणि मी गेलो.
टेबलावर मळका टॉवेल, त्यावर देवांचा ढीग. गणपती पालथा, कुणाचा तरी बाळकृष्ण ॲश-ट्रेला टेकवलेला. आमचे टाक नाहीत, चोरांनी आटवले, हवालदार म्हणाला. मग ढिगातून एक अन्नपूर्णा काढून माझ्यापुढे आपटली. "हीच ना?"
तेवढीच उंच. तशीच मांडी. पळी सरळ.
"हो म्हणा बाई, सही करा, मोकळं करा आम्हाला."
हे कानाशी, "हो म्हण गं. अन्नपूर्णा ती अन्नपूर्णा. तुझी काय आता मिळणार आहे?"
हो तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. हातात घेतली, अंगठा पळीवरून फिरवला. पळीच्या टोकाला कुंकू अडकलेलं. दुसऱ्या कुणाचं.
"माझी नाही," म्हटलं.
"सरळ करून मिळाली समजा!" हवालदार.
"नाही."
परतताना हे चार पावलं पुढे. जिन्यात फक्त, "फार शहाणी लागून गेलीस." आमच्या घरातसुद्धा कुणाची तरी चोरीची वस्तू चालली असती ह्यांना. रात्री पाठ करून निजले, मीही.

३० मे
सा.बाईंना सांगितलं. "बरा केलंस. कोणाच्या तरी आवशीन दिलेली ती." आवस म्हणजे आई. वाती वळायला घेतल्या. मग, "थंय तिका हळदकुंकू कोण लावता?"
मी म्हटलं, तिथे तंबाखू लावतात.

१ जून
सा.बाई ऐकेनात. मीच चौकीत घेऊन गेले. कोपऱ्यात पिचकाऱ्या, बाकावर कुणी तरी ओकून ठेवलेलं. नाकाला पदर लावून बसले. सा.बाईंनी नाही लावला. हवालदाराला सरळ म्हणाल्या, "झिला, ती बाय जरा भायर काढ. कुंकू लावतंय नि जातंय." झील म्हणजे मुलगा, हे त्याला कळलं असावं. हसला नाही. तोंडातलं बाहेर जाऊन थुंकून आला, हात धुतला, कपाट उघडलं.
सा.बाईंनी पदराने पुसली, हळदकुंकू लावलं. माझ्यापुढे धरली. मीही लावलं.
कपाट लावता लावता तो म्हणाला, "काल विक्रोळीची एक बाई येऊन गेली. ती पण म्हणाली, माझी नाही. काय बायका आहात! उद्या मुलुंडची एक येणार आहे."
परतताना सा.बाई फुलवाल्याकडे थांबल्या. मी पुढे जाऊन उभी राहिले. तो चोर डोळ्यांपुढून जात नाही. त्याला क्षमाबिमा काही नाही, अजून शिसारीच येते. माझी कुठे आटली असेल, हेही डोक्यातून गेलेलं नाही. पण रस्त्यात उभ्याउभ्या एकदम मनात आलं, देवा, ती त्या मुलुंडवालीची असू दे. कोण, कुठली, माहीत नाही. तिची असू दे.
दिवा सा.बाईंनीच लावला. काडेपेटी सापडत नव्हती, ती मी दिली.