मंदा लस का घेत नाही

वर्धा, १८ जुलै २०२१

चि. सौ. मंदा हीस,
सुलोचनावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर लसीचं नाव काढलं की तुझ्याकडची रेंज जाते, म्हणून पत्र लिहिते आहे. तुझे चंद्रभानजी भाजी उतरवून झाली की दुकानात चहाला थांबतात, त्यांच्याच हाती देईन.

तुझ्या भावाची तब्येत आता छान आहे. एप्रिलमध्ये हा माणूस ऑक्सिजनवर होता, हे गिऱ्हाइकांना सांगूनही खरं वाटत नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र सुटला नाही. डॉक्टरांनी हात जोडले, मीही जोडले. ह्यांचं एकच, खर्रा सोडला तं काउंटरवर बसून करू काय?

आता मुख्य गोष्ट. आचल सातव्या महिन्यात माहेरी आली आहे. सप्टेंबरच्या मध्यावर दिवस भरतील. तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की बाळाला अंघोळ आत्याच घालणार, दुसऱ्या कुणाच्या पायावर मी बाळ देणार नाही. तिचं काय चुकलं? आपल्या घरातली सगळी बाळं तुझ्याच पायांवर न्हाली. ती स्वतःही. तुझ्या हातची मालिश झाली की रडकं पोरही दुपारभर झोपायचं.

पण डॉक्टरीणबाईंची अट आहे. बाळाला हात लावणाऱ्याने लसीचा पहिला डोस तरी घेतलेला हवा, आणि त्याला पंधरा दिवस झालेले हवेत. तुमच्या गावात शिबिर झालं तेव्हा सगळ्या बायका रांगेत होत्या आणि तू वांग्याच्या वावरात जाऊन बसलीस म्हणे. का गं?

रागावलीस तरी चालेल, पण लोभ आटवू नकोस.
तुझी
सुलोचनावहिनी


आंजी (मोठी), २५ जुलै २०२१

ती. सौ. वहिनींस,
मंदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इकडे पाणी फार झालं, पालक सडला, दोडके बरे आहेत. सोबत पाठवते. आचलला दोडक्याच्या शिरांची चटणी करून घाला, तिला लहानपणापासून आवडते.

बाळाची दुपटी शिवून झाली. माझी जुनी लुगडी धुऊन धुऊन मऊ झाली होती, त्यांचीच केली. टोपडीही दोन केली आहेत.

लसीचं म्हणाल तर त्यानं ताप येतो म्हणतात. मी निजले तर पहाटे तोडणी कोण करणार? तुम्ही म्हणाल हा बहाणा आहे. म्हणा. माझी दाढ दुखते आहे, गाल सुजला आहे, पत्र लिहायलाही नको वाटतं. ह्यांनी गोळी आणून दिली, पण मी लवंग धरून बसले आहे. हे हसतात. म्हणतात, इतक्या मोठ्या बाईले गोळीचं बी भेव वाटून राह्यलं काय?

वहिनी, लस मी घेणार नाही. कारण विचारू नका. आचलला सांगा, आत्याचा जीव तिच्यापाशीच आहे.

भाऊंना नमस्कार. आम्हां वेड्यांवर माया ठेवा.
तुमची
मंदा


वर्धा, २ ऑगस्ट २०२१

चि. सौ. मंदा हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आचलला वाचून दाखवलं नाही, पण तिने ते उशीखालून काढून वाचलं. रडली. तेवढ्यात हे जेवायला आले. बिचाऱ्या चंद्रभानजींचा काही दोष नसताना त्यांच्याबरोबर निरोप पाठवायला निघाले, की तुह्या बायकोले सांग, मोबाइलवरच्या अफवांवर चालून राह्यली असशील तं लस घेतल्याबिगर मले राखी बांधाले येजो नको. मी तो निरोप अडवला. पण तुझ्यापासून लपवावा असंही वाटत नाही.

हे घरी आल्यावर मी लस पहिल्याच आठवड्यात घेतली. ती काही पेपर वाचून नव्हे. हे दवाखान्यात होते तेव्हा मला आत सोडत नव्हते. काचेच्या दाराबाहेर उभी राहायचे, आतून एक सिस्टर ह्यांचा हात उचलून मला दाखवायची. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला तेवढा हात आला होता. त्या दाराशी पुन्हा उभं राहायचं नाही, एवढ्यासाठी मी दंड पुढे केला. प्रत्येकाचं कारण असं आपापलं असतं. तुझंही असणार.

कारण तू भित्री नाहीस. पावसाळ्यात विहिरीत पडलेली शेळी काढायला पदर खोचून उतरलेली बाई सुईला घाबरते, हे मी मानणार नाही. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, पत्र आलं की आधी न लिहिलेलं वाचा. मी रात्री तुझं पत्र पुन्हा वाचलं. लसीला नाही म्हणतेस, आणि दाढ ठणकत असताना गोळीलाही नाही. म्हणजे अडचण लसीची नाही. मंदा, तू देवापुढे काय बोलून बसली आहेस?

खरं लिही. लोभाच्या माणसापासून लपवलं की दुखणं वाढतं.
तुझी
सुलोचनावहिनी


आंजी (मोठी), ११ ऑगस्ट २०२१

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या शाळेनं तुम्हांला पोलिसात भरती करायला हवं होतं.

नवस फेडण्याआधी सांगू नये, आणि ज्याच्यासाठी बोललो त्याला तर मुळीच नाही, असं आई म्हणायची. पण भाऊंचा निरोप वाचला आणि राहवलं नाही.

तुम्ही काचेच्या दाराशी होत्या. मला तर गावाबाहेर पडता येत नव्हतं. भाऊंचा ऑक्सिजन उतरला असा फोन आला, त्या दिवशी मी देवापुढे नारळ हातात घेतला. म्हटलं, केळझरच्या गणराया, माह्या भावाले घरी आण. मी त्याले घेऊन तुही टेकडी चढीन, हा नारळ तुह्या पायाशी ठेवीन. तोवर सुई नाई, गोळी नाई, अंगाले औषध लावणार नाई. भाऊ घरी आले. देवानं त्याचं काम केलं. माझं राहिलं, कारण देऊळ बंद. हे दोनदा जाऊन पाहून आले, दाराला कुलूप. नारळ देवघरात तसाच आहे.

आचलच्या बाळासाठी मी काय वाटेल ते करीन. पण भावाच्या श्वासावर बोललेला शब्द मोडला आणि त्यांना काही झालं, तर ते बाळ मी कोणत्या हातांनी घेऊ?

भाऊंना सांगू नका. ते रागावले तर रागावू द्या. तुमचा लोभ तेवढा राहू द्या.
तुमची
मंदा


वर्धा, १७ ऑगस्ट २०२१

चि. सौ. मंदा हीस,
अनेक आशीर्वाद.

मी सांगितलं. तुझा शब्द तू पाळ, पण मी कुठलाच दिला नव्हता.

हे उठले, दुकान उघडं टाकून मागच्या खोलीत जाऊन बसले. बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, मी तिले काय काय बोललो, अन् ते पोरगी दाढ धरून बसली माह्यासाठी. मग आचलला विचारलं, राखी कधी आहे.

रविवारी येत आहेत. स्वयंपाकाचा घोळ घालू नकोस. ह्यांच्या मनात काय आहे ते मलाही ठाऊक नाही, पण माझं मन सांगतं की चांगलंच असेल.

लोभ तोवर जपून ठेव.
सुलोचनावहिनी


आंजी (मोठी), २८ ऑगस्ट २०२१

ती. सौ. वहिनींस,
मंदाचा शि. सा. न. वि. वि.

भाऊंनी घरी येऊन अर्धीच गोष्ट सांगितली असणार, म्हणून सगळी लिहिते.

आले ते थेट पाटावर बसले. मी ओवाळलं, राखी बांधली, पेढा दिला. ताटात काहीच पडलं नाही. हे कोपऱ्यातून म्हणाले, मेहुण्यांच्या दुकानात यंदा मंदी दिसून राह्यली. भाऊ हसले नाहीत. म्हणाले, यंदा मी देणार नाई, घेणार. तुहा नवस मले दे.

मी म्हटलं, नवस काय पिशवीतली भाजी आहे, की या हातातून त्या हातात द्यावी? ते म्हणाले, ज्याच्यासाठी बोलली तोच मागून राह्यला, मंग देव काऊन नाई म्हणंल? एवढं म्हणून उठले आणि देवघरातला नारळ स्वतः उचलला. देवाला म्हणाले, गणराया, हिच्याकडची बाकी आता माह्या नावावर घे. हे पोरगी सुई-गोळी सोडून होती. डॉक्टर मले गोळ्या सोडू देत नाईत, मंग मी खर्रा सोडतो. देऊळ उघडंल, आम्ही दोघं टेकडी चढू, तोवर खर्र्याले शिवणार नाई. खिशातली पुडी काढून त्यांनी ह्यांच्या हातावर ठेवली. हे इतके घाबरले, की ती ह्यांनीही खाल्ली नाही.

माझ्या अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. देव माझ्यावर रागावला असता, भाऊंवर कसा रागावेल? त्यांना तर त्यानंच परत पाठवलं आहे.

मंगळवारी उपकेंद्रावर गेले. नर्सबाई म्हणाली, काकू, तुमचं नाव घेऊन घेऊन माहा घसा बसला. सुई कधी टोचली कळलं नाही. रात्री ताप आला, तेव्हा गोळी घेतली, आणि दाढेलाही दुसरी घेतली. सकाळी ह्यांनी तोडणी केली. अर्धी वांगी कोवळीच तोडून ठेवली, म्हणून त्या दिवशी तुमच्याकडे इतकी आली होती.

बाळाला माझ्या येण्यापर्यंत थांबायला सांगा. लोभ आहेच, वाढवा.
तुमची
मंदा


वर्धा, १५ सप्टेंबर २०२१

चि. सौ. मंदा हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मुलगी झाली. काल पहाटे. आचल ठणठणीत आहे, आवाज तुझ्यासारखा मोठा पोरीचा. डॉक्टरीणबाईंना तुझी तारीख सांगितली. पंधरा दिवस केव्हाच होऊन गेले, खुशाल येऊ द्या म्हणाल्या.

उद्या घरी आणतो आहोत. दवाखान्यात तिला नुसतं पुसून घेतलं आहे. अंघोळ राहिली आहे, ती तुझी. शेजारच्या आनंदाबाई मदतीला येते म्हणाल्या, तर आचलने पडल्या पडल्या ठणकावलं, की आत्या येईपर्यंत पाणीच तापवायचं नाही.

तुझा भाऊ खर्र्याच्या आठवणीने बडीशेप चघळत दुकानात बसला आहे आणि गिऱ्हाइकांवर खेकसतो आहे. रोज विचारतात, देऊळ कधी उघडणार. मी तोंडाने गणरायाचं नाव घेते, आणि मनात म्हणते, देवा, सवय पुरती सुटेपर्यंत थांब रे बाबा. हे मात्र तू त्यांना सांगू नकोस. छातीवर कान ठेवून ऐकावा लागेल इतका शांत त्यांचा श्वास झाला आहे आता.

उद्याच्या भाजीबरोबर टेम्पोत पुढे बसून ये. दुपटी आण. लोभ आता तिघींना पुरवायचा आहे, त्या हिशेबाने घेऊन ये.

वाट पाहणारी
सुलोचनावहिनी